हाताबाहेर गेलेली मधुमालती : वाचकांचे प्रश्न, बागेची उत्तरे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ बारा वर्षांची मधुमालती आहे. भिंतीवरून, ग्रिलवरून चढत ती तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली आहे. खाली नुसती मनगटाएवढी जाड, उघडी खोडे. पाने-फुले सगळी वर. माळी दर दोन महिन्यांनी कात्री मारतो, तरी ती अधिकच माजते. कमिटीत आता मुळापासून तोडण्याचा विषय निघाला आहे. छाटून वेल वाचेल का? कधी आणि किती छाटावी? (विलेपार्ले)

उत्तर : वाचेल. मधुमालती सहजासहजी मरत नाही. बिघडली आहे ती छाटणीची पद्धत. माळी दर दोन महिन्यांनी वरवर शेंडे कापतो, आणि वेल माजण्याचे कारण तेच आहे. प्रत्येक शेंड्यातून एक संप्रेरक खाली उतरत असते आणि ते खालचे डोळे, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते ते फांदीवरचे बारीक कोंब, निजवून ठेवते. शेंडा कापला की कापाच्या लगेच खालचे दोन-तीन डोळे जागे होतात, एका फांदीच्या तीन होतात, आणि त्यासुद्धा वरच. पाच-सहा वर्षे असे चालले की वर छत्री तयार होते, खाली सावली पडते आणि सावलीतली पाने गळून खोडे उघडी पडतात. पाणी तळमजला घालतो, सुगंध तिसरा मजला घेतो.

कात्री हातात घेण्याआधी कुठल्याही वेलीबद्दल एकच गोष्ट विचारायची : ही फुलते कशावर, यंदाच्या नव्या फुटीवर की गेल्या वर्षीच्या जून फांदीवर? मधुमालती नव्या फुटीवर फुलते. त्यामुळे जुने लाकूड कितीही काढले तरी फुलांचे कायमचे नुकसान होत नाही. उलट जितकी जोमदार नवी फूट, तितके मोठे झुपके. कमिटीला एवढे सांगितले तरी विषय मिटावा.

वेळ : जानेवारीचा तिसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. मुंबईत थंडी नावापुरती असली तरी डिसेंबर-जानेवारीत मधुमालती बरीच पाने टाकते, वाढ थांबते, हवा कोरडी असते आणि काप दोन दिवसांत सुकतात. फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागले की ती आपोआप फुटते. एप्रिल-मेमध्ये एवढी मोठी छाटणी केली तर वर्षानुवर्षे सावलीत राहिलेल्या खोडांची साल उन्हाने भाजते, शिवाय ऐन बहर हातचा जातो. पावसाळ्यात तर मोठ्या कापाचे नावच नको.

आधी वेल नीट बघा. या जाळीत बुलबुल, मुनिया आणि शिंजीर (इवलासा सूर्यपक्षी, घरटे लोंबते, पिशवीसारखे) हमखास घर करतात. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर तेवढा भाग पाच आठवडे सोडा, बाकीचे काम चालू ठेवा. मग तारा. केबल, इंटरनेट, विजेची सर्व्हिस वायर, यांतले काय काय वेलीत गुंतले आहे ते खडूने भिंतीवर खुणा करून ठेवा. विजेच्या तारेला वेल टेकली असेल तर तिथे माळ्याने हात घालायचा नाही. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यायचा. ॲल्युमिनियमची शिडी अशा जागी आणूच नका.

हत्यारे तीन पुरेत. बोटाएवढ्या फांदीपर्यंत सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री), त्याहून जाड असेल तर लांब दांड्याची कात्री, आणि मनगटाएवढ्या खोडासाठी घडीची करवत. कोयत्याने घाव घातला की लाकूड फाटते आणि फाटलेल्या चिरेत पाणी साचते. कोयता फक्त खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला वापरा. चामडी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. मधुमालतीला जन्मजात काटे नसतात. पान गळताना देठाचा खालचा भाग फांदीवर तसाच राहतो, वाळून वाकडा आणि कडक होतो, आणि त्याच आकड्यांच्या आधाराने वेल चढते. हातात रुतले की हे देठ काट्यासारखेच ठणकतात.

आता प्रत्यक्ष काम. वरून ओढायचे नाही. चुकते ते इथेच : माळी वर चढून वेल उपटायला लागतो, आकडे ग्रिलमध्ये अडकलेले असतात, आणि वेलीबरोबर केबल, एसीची पाण्याची नळी आणि प्लास्टरचा पोपडाही खाली येतो. म्हणून काप आधी खाली घ्या. जमिनीपाशी किती खोडे आहेत ते मोजा. त्यांतली पाच-सहा ठेवायची. निवडताना वय बघा, जाडी नव्हे : अंगठ्याएवढी ते दोन अंगठ्यांएवढी, सालीला भेगा न पडलेली, नखाने किंचित खरवडले तर आत हिरवा थर दिसणारी. मनगटाएवढी जुनी, एकमेकांत पीळ घेतलेली, पाइपच्या मागे शिरलेली आणि वाळकी खोडे जमिनीलगत करवतीने कापा. ठेवलेली खोडे दोन ते तीन फुटांवर कापा. मग चार-पाच दिवस काहीच करू नका. वरचा जुडगा जागच्या जागी वाळतो, पाने गळतात, वजन निम्म्याहून कमी होते. त्यानंतर प्रत्येक मजल्यावरून, ग्रिलच्या आतून, हात-दीड हाताचे तुकडे करत तो मोकळा करायचा. रहिवाशांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'वेल मारली' म्हणून दुसऱ्याच दिवशी तक्रार येईल.

काप तिरका घ्यायचा, डोळ्याच्या साधारण अर्धा सेंटिमीटर वर, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला. डोळ्याच्या फार वर कापले तर वरचा टोणका वाळतो आणि कूज तिथून खाली उतरते. फार जवळ कापले तर डोळाच सुकतो. जुन्या खोडावर डोळा दिसत नाही. तिथे गाठीच्या, म्हणजे पेराच्या, थोडे वर कापा. निजलेले डोळे तिथेच असतात.

खोड निवडण्याइतकेही उरले नसेल, म्हणजे सगळीच जुनी आणि पोखरलेली असतील, तर दोन वर्षांत काम वाटून घ्या : यंदा निम्मी खोडे एक फुटावर, उरलेली पुढच्या जानेवारीत. फरशी घालताना मुळे तुटली असतील किंवा आळे सिमेंटने झाकले असेल तरीही एकदम सगळे कापू नका. वेलीला पुन्हा फुटायला लागते ती मुळांतली शिदोरी. ती कमी असेल तर अर्धी पाने वर राहू द्यावीत.

कापल्यावर दोन फूट व्यासाचे आळे करा आणि आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी द्या. खत लगेच नको. पाने नसताना दिलेले खत वेल वापरू शकत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगतात. फुटवे वीतभर झाले की चार-पाच किलो चांगले कुजलेले शेणखत आणि दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड आळ्यात मिसळा. युरिया घालू नका. पाला भरमसाट येईल आणि फुले रुसतील.

यापुढचा टप्पा बहुतेक सोसायट्या विसरतात आणि पाच वर्षांनी पुन्हा हेच पत्र लिहितात. छाटल्यानंतर वीस-तीस धुमारे येतील. त्यांतले आठ-दहा ठेवून बाकीचे कोवळे असतानाच हाताने मोडून टाका. भिंतीवर दहा गेजच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेच्या चार आडव्या ओळी घ्या, दोन ओळींत दीड फूट अंतर, आणि तार भिंतीपासून चार इंच पुढे, म्हणजे मागून हवा खेळते आणि भिंत रंगवताही येते. धुमारे सरळ वर जाऊ देऊ नका. पंख्यासारखे दोन्ही बाजूंना वाकवून काथ्याने सैल बांधा. फांदी आडवी केली की शेंड्याचा वरचष्मा संपतो आणि तिच्या सबंध लांबीवरचे डोळे फुटतात. फुले डोळ्यांसमोर आणायचा याहून सोपा उपाय नाही. नायलॉनची दोरी मात्र नको. खोड जाड झाले की ती सालीत रुतते आणि पुढची फांदी वाळते. चार फुटांवर धुमाऱ्याचा शेंडा खुडा.

फेब्रुवारीत छाटलेली वेल बहुधा एप्रिलअखेर ते मेमध्ये फुलू लागते. पुढे प्रत्येक बहर ओसरला की वाळका झुपका खालच्या दोन-तीन पेरांसह काढा. ही हलकी छाटणी पावसाळ्यातही चालते. आणि दर जानेवारीत सर्वांत जुनी दोन खोडे जमिनीपासून काढून बाजूच्या फांद्या दोन-तीन पेरांवर आणा. म्हणजे कुठलेच खोड तीन-चार वर्षांहून जुने राहत नाही.

प्रश्न : माळ्याने जुलैत मधुमालती अर्धी कापली. आता कापलेली टोके काळी पडली आहेत आणि काळेपणा खाली सरकतो आहे. नवी फूट आली तीही मरगळलेली. काय करावे? (दादर)

उत्तर : ही कापातून शिरलेल्या बुरशीची मर आहे. मुंबईच्या जुलैत जाड काप कित्येक दिवस ओला राहतो आणि सुकून बंद व्हायच्या आत बुरशी आत घर करते. सलग दोन दिवसांची उघडीप मिळाली की काळ्या भागाच्या तीन-चार इंच खाली कापा. कापलेल्या तोंडाकडे पाहा : मध्ये तपकिरी वर्तुळ किंवा डाग दिसला तर अजून खाली जा, पांढरट-हिरवे स्वच्छ लाकूड लागेपर्यंत. प्रत्येक कापानंतर सिकेटरचे पाते स्पिरिटने पुसा. रोगट फांद्या आळ्यात टाकू नका.

मग बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. घरच्यापुरती करायची तर शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा. दुसऱ्या बादलीत शंभर ग्रॅम कळीचा चुना आधी थोड्या पाण्यात फोडून, थंड झाल्यावर अर्धा लिटर करा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. लोखंडी भांडे वापरायचे नाही. तयार मिश्रणात चकचकीत लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झाले आहे, थोडी चुन्याची निवळी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरायची, ठेवलेली काम करत नाही. ब्रशने कापावर आणि खाली दोन-तीन इंच सालीवर लावा. चुना फोडताना उकळी येते आणि शिंतोडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा ठेवा.

जानेवारीतल्या कोरड्या हवेत अंगठ्याएवढ्या कापांना ही पेस्ट लावायची गरज नसते. मनगटाएवढ्या कापांना लावली तर बरे.

प्रश्न : नर्सरीवाला मधुमालतीलाच 'हनीसकल' म्हणतो. दोन्ही एकच का? आणि मधुमालती म्हणजेच माधवीलता का? (बोरिवली)

उत्तर : तिन्ही वेगळ्या. मधुमालतीला इंग्रजीत 'रंगून क्रीपर' आणि 'चायनीज हनीसकल' अशी दोन्ही नावे आहेत, त्यातून हा गोंधळ. तिचे शास्त्रीय नाव काँब्रेटम इंडिकम. जुन्या पुस्तकांत क्विसक्वालिस इंडिका सापडेल, आणि त्या लॅटिन शब्दांचा अर्थ 'कोण? कसा?' असा. कूळ अर्जुन, हिरडा, बेहड्याचे. पाच पाकळ्या, खाली लांब नळी, लोंबता झुपका. संध्याकाळी पांढरे उमललेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होते. रात्रीचा सुगंध आणि लांब नळी लांब सोंडेच्या पतंगांसाठी असते.

खरे हनीसकल म्हणजे लोनिसेरा. मुंबईत कुंडीत मिळते ते बहुधा लोनिसेरा जॅपोनिका : पानाच्या बगलेत दोन-दोन फुले, ओठांसारखी दुभंगलेली, पुंकेसर बाहेर डोकावणारे, पांढरी फुले पिवळी पडतात, लाल होत नाहीत. चिनी भाषेत तिचे नावच 'सोने-चांदी फूल' असे आहे. तिला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली द्या. फेब्रुवारीत निम्म्यावर छाटा.

माधवीलता, म्हणजे हळदवेल, ही आपली रानातली दणकट वेल. फुले झालरीसारख्या कातरलेल्या पाकळ्यांची, एका पाकळीवर पिवळा डाग. फळाला तीन पंख. ती थंडी सरताना फुलते, म्हणून तिला जानेवारीत छाटलेत तर येऊ घातलेल्या कळ्याच कापाल. फुले गळून गेल्यावर छाटा. नावातल्या गोंधळाने वर्षाचा बहर जातो तो असा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्या अंगणात हनीसकलचे झुडूप दहा फूट वाढले आहे, आत वाळक्या काटक्यांचे जंगल. मी मे महिन्यात तीन महिन्यांसाठी जाते आहे. तिकडे मधुमालतीसारखेच जमिनीलगत कापून टाकू का? (मुलुंड)

उत्तर : थांबा. झुडपी हनीसकल वसंतात फुलते ती गेल्या वर्षीच्या फांद्यांवर, मधुमालतीच्या बरोबर उलट. तुम्ही पोहोचाल तेव्हा, मे-जूनमध्ये, ते बहुधा फुलांवर असेल. बहर संपेपर्यंत हात लावू नका, आणि संपला की लगेच लावा; जितका उशीर, तितका पुढच्या वर्षीच्या फुलांच्या फांद्यांना वाढायला वेळ कमी.

पद्धत तिसऱ्या हिश्शाची. सर्वांत जुन्या, करड्या, साल सुटलेल्या खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीपासून दोन-तीन इंचांवर करवतीने कापा. वाळके सगळे काढा. बाकीच्या खोडांचे शेंडे सपाट कापून गोल डोके करू नका; तसे केले की बाहेर पाल्याची भिंत होते आणि आत अंधार. लांब सुटलेली फांदी आतल्या उपफांदीपर्यंत मागे घ्या. दुसरा आणि तिसरा हिस्सा पुढच्या दोन वर्षांत मुलगी कापेल. तीन वर्षांत झुडूप नवे होते आणि एकही बहर चुकत नाही. घाईच असेल तर थंडी सरताना, कोंब फुटण्याआधी, सगळेच सहा-आठ इंचांवर कापता येते, पण त्या वर्षी फुले विसरायची. हे काम मार्चच्या आसपासचे, तुमच्या मुक्कामातले नव्हे.

त्याआधी एक तपासणी. पेन्सिलीएवढी जुनी फांदी उभी चिरा. गाभा तपकिरी आणि पोकळ असेल तर ते आशियातून गेलेले झुडूप आहे, आमूर किंवा तार्तारी हनीसकल. अमेरिकेच्या पूर्व भागात या जातींनी रान व्यापले आहे. लाल फळे पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. गाभा पांढरा आणि भरीव असेल तर जात तिथलीच असण्याचा संभव मोठा, ती सांभाळावी. पोकळ निघाली तर छाटणीवर तीन वर्षे घालवू नका. पाऊस पडून माती भिजली की बुंधा मुळासकट खणून काढा. नुसता कापला तर दुप्पट जोमाने फुटतो. फळे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोट बिघडते.

प्रश्न : गच्चीवर ड्रममध्ये मधुमालती आहे. पाला भरपूर, फूल नाही. (चेंबूर)

उत्तर : आधी ऊन मोजा. पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल, बाजूला नवा टॉवर उभा राहिला असेल, तर छाटणीने काही साधणार नाही, ड्रम हलवा. ऊन पुरेसे असेल तर खताकडे बघा. किचनच्या ओल्या कचऱ्याचे खत महिन्याला घमेलेभर घातले जात असेल तर नत्र जास्त होते. चार महिने ते बंद करा आणि एकदा शंभर ग्रॅम हाडांचा चुरा द्या. तिसरी शक्यता सततच्या कात्रीची : नवी फूट हातभर झाली की तुम्ही खुडता, आणि फूल त्याच फुटीच्या टोकाला यायचे असते. जानेवारीत एकदा नीट छाटा, नंतर एकदा शेंडा खुडा, आणि मग पहिला झुपका येईपर्यंत हात मागे ठेवा.

ड्रम दोन-तीन वर्षांत मुळांनी गच्च भरतो. छाटणीच्या वेळीच कडेची दोन इंच मुळे आणि माती करवतीने कापून नवी माती भरा. मुळे आणि फांद्या एकाच वेळी कमी केल्या की वेल तोल सांभाळते.

प्रश्न : मधुमालती आवारातल्या पर्जन्यवृक्षावर चढली आहे. झाडाच्या फांदीसकट उतरवली तर चालेल का? (गोरेगाव)

उत्तर : फांदीसकट नाही. झाड खासगी आवारात असले तरी त्याची फांदी छाटायला महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे. वेल मात्र स्वतंत्र सोडवता येते. खाली कापा, वर वाळू द्या, हाताला येईल तेवढे तुकड्यांनी काढा. उरलेले वाऱ्यापावसात आपोआप गळते. मेअखेरीपर्यंत उरकावे, कारण पावसात पाल्याने जड झालेली वेल वाऱ्याला शिडासारखी अडते आणि फांदी मोडते.

प्रश्न : वेलीपासून सहा-सात फुटांवर, फरशीच्या फटीतून कोंब येतात. कितीही कापले तरी पुन्हा तेच. (माहीम)

उत्तर : ते मुळांवरचे फुटवे. कापल्याने थांबत नाहीत, उलट एकाचे दोन होतात. पहिला जोरदार पाऊस होऊन माती सैल झाली की कोंबाच्या बुडाशी खुरपे घालून, मुळाच्या तुकड्यासकट ओढून काढा. मूळ आलेला कोंब कुंडीत लावला की नवी वेल तयार. पंधरा दिवस सावलीत ठेवा आणि वरची पाने निम्मी कापा. छाटलेल्या हिरव्या फांद्या पावसाळ्यात ओल्या मातीवर पडू देऊ नका, त्यांनाही मुळे फुटतात.